अर्ध्या ब्लेडची दाढी

दाढी हा काही लिहिण्याचा विषय नाही, असं आमच्या घरातल्या दोन-तीन जणांचं स्पष्ट मत आहे. प्रवासावर लिही, गावाच्या आठवणी लिही, पण दाढी? आता रोजची दहा मिनिटं धरली तरी वर्षाचे साठ तास होतात. ज्या कामात पुरुष माणूस एवढा वेळ आरशासमोर तोंड वाकडं करत उभा असतो, त्याबद्दल निदान एकदा तरी नीट बोलायला हरकत नसावी. तर मंडळी, आजचा विषय दाढीच.

आमच्या घरात तीन पिढ्यांची दाढी तीन तऱ्हांनी झाली.

आजोबांची दाढी दुसऱ्याच्या हातची. पवनी तालुक्यातल्या आमच्या गावात आठवड्यातून एकदा वारीक घरी येत. (बाकीच्या महाराष्ट्रात न्हावी म्हणतात, आमच्या झाडीपट्टीत वारीक हा शब्द जास्त ऐकू येतो. संत सेना महाराजांनीही स्वतःला वारीकच म्हणवून घेतलंय आणि आरशापासून चिमट्यापर्यंत आपल्या धंद्याची सगळी हत्यारं परमार्थाच्या कामाला लावली आहेत.) ओसरीवर पाट मांडायचा, आजोबा मांडी घालून बसायचे आणि समोर उकिडवे बसून वारीक धोकटी उघडायचे. वस्तरा, कात्री, नराणी, धार लावायचा चामड्याचा पट्टा, तळहाताएवढा आरसा आणि एक पितळेची वाटी. वाटी अर्थातच भंडाऱ्याची! पितळेच्या भांड्यांसाठी आमचं शहर पूर्वीपासून नावाजलेलं, त्यामुळे दाढीचं पाणीसुद्धा पितळेतच असणार. मजुरी रोखीत नव्हती. धान निघालं की खळ्यावरून वर्षाचा वाटा जायचा.

बाबूजींची दाढी स्वतःच्या हातची. बाबूजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. नोकरीला लागले तेव्हा पहिल्या पगारात त्यांनी जे काही घेतलं त्यात एक सेफ्टी रेझर होता. तोच तो, इंग्रजी टी सारखा, वरची टोपी काढून दोन्ही बाजूंनी धार असलेलं ब्लेड मधे बसवायचं आणि मूठ पिळून आवळायची. सकाळी सहाला खिडकीच्या गजाला आरसा टांगून, वाटीत साबण फेसून, ब्रशने गोल गोल... आम्ही भावंडं त्या आवाजाने उठायचो. त्यानंतर गालावरून तुरटीचा खडा फिरायचा आणि मग चहा. हा क्रम अडतीस वर्षांच्या नोकरीत मोडला नाही आणि निवृत्तीनंतरही मोडला नाही. न केलेल्या दाढीने वर्गात उभं राहणं म्हणजे फळा न पुसता शिकवायला लागण्यासारखं आहे, असं त्यांचं म्हणणं.

माझी दाढीही त्याच जातीच्या रेझरने, त्याच ब्रश-साबणाने. मधे दोन ब्लेडचे, तीन ब्लेडचे, पाच ब्लेडचे रेझर आले. मी ते पाहुण्यासारखे वापरले आणि परत आपल्या घरी आलो.

या सेफ्टी रेझरचा इतिहास गमतीचा आहे. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेतला फिरता विक्रेता. बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीत होता. एकदा वापरून फेकून द्यायची वस्तू काढली तर गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येतं, हे गणित तो तिथे शिकला. कल्पना सुचली १८९५ च्या सुमारास, पण इतक्या पातळ पोलादी पत्र्याला धार लावायची कशी हे कुणालाच जमेना. शेवटी विल्यम निकर्सन या इंजिनियरने ते जमवलं. १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, रेझर खपले अवघे ५१ आणि ब्लेड १६८. त्यानंतर पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी लाखोंनी रेझर घेतले आणि परत आलेल्या सैनिकांनी स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घरी आणली. पण 'सेफ्टी रेझर' हे नाव जिलेटच्या आधीचं आहे. १८८० साली न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी जो सेफ्टी रेझर काढला, त्याला धार एकाच बाजूला होती. वस्तऱ्याचं छोटं पातं कापून एका चौकटीत बसवावं तसा तो प्रकार. म्हणजे एकाच धारेचा रेझर हा दोन धारांच्या रेझरचा थोरला भाऊ. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला या रेझरबद्दल नेहमी एक गोष्ट वाटत आली आहे. त्याने नुसता वेळ वाचवला नाही. माणसाला दुसऱ्याच्या मर्जीतून सोडवलं.

आता हे आजोबांच्या ओसरीवरून दिसत नाही. तिथे वारीक ठरल्या दिवशी येतच होते. पण ज्यांच्या ओसरीवर ते जात नव्हते त्यांचं काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहानपणच्या आठवणी लिहिताना नोंदवलंय की पैसे देऊनही कोणी न्हावी त्यांच्या घरच्यांचे केस कापायला तयार नसे आणि ते काम त्यांची मोठी बहीण करत असे. (१९५४ साली आमच्या भंडाऱ्यातूनच बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते. हरले. भंडाऱ्याच्या माणसाने ही गोष्ट विसरू नये असं मला वाटतं.) दुसरीकडे नको असलेला वस्तराही होताच. विधवांच्या डोक्यावरून फिरणारा. १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने शेकडो न्हावी जमले आणि यापुढे आम्ही हे काम करणार नाही असं त्यांनी ठरवलं. सुधारणेवर पुष्कळांनी भाषणं केली, पण ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला, ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

तर कोणी कोणाच्या चेहऱ्याला हात लावायचा, यात जात, पैसा, रूढी असं सगळं गुंतलेलं होतं. सेफ्टी रेझर आला आणि किमान दाढीपुरता तरी हा गुंता सुटला. काही रुपये टाकले की झालं. ना कुणाची वाट पाहायची, ना कुणाचा नकार ऐकायचा.

पण या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. आपला हात आपल्या ताब्यात आहे!

बाबूजींना सहा वर्षांपूर्वी कंपवात झाला. डॉक्टरी भाषेत पार्किन्सन्स. आधी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी. गोळी वळत असल्यासारखी हालचाल. नंतर पूर्ण हात, नंतर हनुवटी. सही बदलली, बँकेने नवीन सही मागितली. पेल्याऐवजी झाकणाचा मग आला. हे सगळं त्यांनी हसत घेतलं. दाढी मात्र त्यांना हसत घेता आली नाही. एके सकाळी आईने माझ्या हातात त्यांचा रेझर आणून दिला आणि म्हणाली, "हा आता वर ठेव." ती पुढे काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

सुरुवातीची काही वर्षं प्रश्न आला नाही, कारण काका होते. काका म्हणजे आजोबांची दाढी करणाऱ्या वारिकांचे चिरंजीव. भंडाऱ्यात त्यांचं कटिंगचं दुकान. दर बुधवारी आणि रविवारी सकाळी सायकलवरून घरी यायचे. "कसं हाय गुरुजी?" म्हणत टॉवेल झटकायचे. (बाबूजींनी त्यांच्या पोराला चौथीपर्यंत शिकवलंय.) हनुवटी हलायची, पण काकांचा हातही तिच्याबरोबर हलायचा. रेल्वेत उभं राहून न सांडता चहा पिणारी माणसं असतात ना, तसं.

काकांच्या दुकानात वस्तरा होता, पण आजोबांच्या वेळचा नव्हे. तुम्ही कुठल्याही सलूनमध्ये पाहिलं असेल. कागदात गुंडाळलेलं नवं ब्लेड कागदासकट वाकवून कट्कन मधोमध मोडायचं आणि त्यातलं अर्धं वस्तऱ्याच्या आकाराच्या मुठीत सरकवायचं. एका गिऱ्हाइकाला एक अर्धं. नव्वदच्या दशकात एड्सबद्दल जागृती सुरू झाली तेव्हा सलूनमध्ये नवीन ब्लेडचा आग्रह धरा असं सगळीकडे सांगितलं जायचं. त्या काळात घडीघडी पट्ट्यावर घासायचा जुना वस्तरा हळूहळू गेला आणि ही अर्ध्या ब्लेडची मूठ आली. दहा ब्लेडच्या पाकिटात वीस दाढ्या. धार लावायचं काम नाही आणि गिऱ्हाईकही निश्चिंत.

मग २०२० साल आलं. लॉकडाऊनमध्ये सलून बंद. २८ जूनपासून महाराष्ट्रात दुकानं उघडायला परवानगी मिळाली, पण तीही केस कापण्यापुरती. दाढीला मनाई! त्वचेला हात लागतो म्हणून. काकांसारख्यांचे ते महिने कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. त्यातून सावरून ते पुन्हा येऊ लागले, पण आता त्यांचं वय झालं होतं. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि त्यांनी स्वतःच सांगितलं, "आता गुरुजीच्या गळ्यावर वस्तरा ठेवाची हिंमत नाही होत जी." पोरगा नागपुरात नोकरीला. दुकान दुसऱ्याने घेतलं. त्या नव्या मुलाकडे गर्दी असते आणि तो घरी येत नाही. त्याचं काही चुकत नाही, सायकल मारत यायचा तेवढ्या वेळात त्याची चार गिऱ्हाइकं होतात.

बाबूजींना दुकानात नेऊन पाहिलं. खुर्चीत बसल्यावर लोक बघताहेत या जाणिवेने कंप आणखी वाढतो. दोनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा ते उठलेच नाहीत.

डॉक्टरांनी इलेक्ट्रिक मशीन सुचवलं. सल्ला रास्त होता आणि ज्यांना रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे त्यांच्यासाठी तर तोच योग्य, हे आधी सांगून ठेवतो. बाबूजींना ती गोळी नाही, हे मी विचारून घेतलं. मशीनने दाढी व्हायची, पण गळ्याची सैल कातडी जाळीत चिमटायची. शिवाय खुंट राहायचे. बाबूजी हात उलटा करून बोटांच्या मागच्या बाजूने गाल तपासायचे आणि काही न बोलता हात खाली घ्यायचे. वह्या तपासताना अक्षर वाईट दिसलं की करायचे तसं.

मग पाच ब्लेडचा रेझर आणला. या जास्त ब्लेडच्या रेझरमागची कल्पना अशी की पहिलं ब्लेड केसाला ओढून थोडा वर काढतं आणि मागचं ब्लेड त्याला खालून कापतं. विशीतल्या ताणलेल्या गालावर ते छान चालतं. ऐंशीच्या घरातल्या गालावर केसाबरोबर कातडीही ओढली जाते. चार दिवसांची वाढलेली दाढी असली की दोन ब्लेडच्या मधे खुंट आणि साबण जाऊन बसतो आणि तो धुवायला नळाची जोरदार धार लागते. बाबूजींची दाढी पलंगावर बसून, वाटीतल्या पाण्याने. वाटीत बुडवून हलवून ते निघत नाही.

यावरून एक खरी गोष्ट आठवली. जिलेट कंपनीने २००२ साली खास भारतासाठी एक रेझर काढला होता. त्याची चाचणी त्यांनी अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली. पोरांना आवडला. इथे आल्यावर मात्र लोकांची कुरकुर, केस अडकतात म्हणून. कारण एमआयटीतल्या भारतीयांकडे नळ होता आणि भारतातल्या पुष्कळ भारतीयांकडे वाटी! पुढे त्यांची माणसं इथे येऊन घरोघरी बसली, लोक जमिनीवर बसून, अपुऱ्या उजेडात, वाटीभर पाण्यात दाढी कशी करतात ते त्यांनी पाहिलं आणि २०१० मध्ये एकच ब्लेड असलेला, सहज धुतला जाणारा, पंधरा रुपयांचा 'गार्ड' आणला. जगात ब्लेडची संख्या वाढवण्याची शर्यत चाललेली असताना वाटीने त्यांना पाचावरून एकावर आणलं. (बिनपाण्याने करणे हा वाक्प्रचार ज्या भाषेत आहे, तिथे येऊन आधी पाण्याची चौकशी करायला हवी होती. असो.)

गेल्या हिवाळ्यात भाचा अमेरिकेहून आला होता. आजोबांची अवस्था त्याने पाहिली आणि जाताना आपला रेझर ठेवून गेला. "मामा, हा ट्राय करा. सिंगल एज आहे. माझ्या चेहऱ्याला फार मानवला." लीफ नावाच्या कंपनीचा ट्विग म्हणून रेझर. पूर्ण धातूचा, हातात घेतला की वजन जाणवतं. डोकं नेहमीच्या रेझरपेक्षा अरुंद आणि धार एकाच बाजूला. बघितल्यावर वाटावं की दोन धारांच्या रेझरला कुणीतरी मधोमध कापलंय. याला ब्लेड कुठलं लागतं, ते अमेरिकेतून मागवावं लागणार का, असं मी विचारलं. त्याने हसून खिशातून आपल्याकडे पानठेल्यावर मिळतं तसलं साधं ब्लेड काढलं, कागदासकट वाकवलं आणि कट्!

तो आवाज ऐकून आतल्या खोलीतून बाबूजींनी विचारलं, "काका आले का?"

मी पहिले आठ दिवस हा रेझर स्वतःवर चालवला. त्याचा अनुभव थोडक्यात सांगतो.

दोन धारांच्या रेझरने तीस वर्षं दाढी केलेल्या माणसाला पहिली अडचण येते ती सवयीची. गालावरून दोन-तीन ओढ झाले की आपण आपोआप रेझर उलटा फिरवतो, कारण दुसरी बाजू कोरी असते. इथे दुसरी बाजूच नाही. त्यामुळे दर दोन ओढींनंतर वाटीत बुडवायचा. दाढीला तीन-चार मिनिटं जास्त लागतात. दुसरं, ब्लेड आतून घट्ट धरलेलं आहे, थरथरत नाही. केस कापल्याचा आवाज वेगळा येतो, कोरडं गवत विळ्याने कापल्यासारखा खर्र... खर्र. तिसरी आणि मुख्य गोष्ट म्हणजे धार दिसते. जुन्या रेझरच्या रुंद टोपीमुळे ब्लेड नेमकं कुठे टेकलंय याचा अंदाज बांधावा लागतो. इथे डोकं लहान असल्याने नाकाखाली, ओठाच्या कोपऱ्यात, कानशिलाजवळ ब्लेड कुठून सुरू होतं ते डोळ्यांना दिसतं. आणि पुढची धार सांभाळताना मागची धार कुठे लागेल ही काळजी नाही.

कोन साधारण तीस अंशांचा. आधी डोकं गालावर सपाट टेकवायचं आणि मग मूठ हळूहळू खाली आणायची. जिथे कापायला लागतं तो कोन. बाकी सगळं जुनंच. गरम पाण्याने दाढी भिजवायची (केस पाणी पितो आणि मऊ होतो), ब्रशने फेस, केसाच्या दिशेने ओढ, शेवटी गार पाणी आणि तुरटी.

स्वतःवर जमलं म्हणून दुसऱ्यावर जमेल असं नाही. आपल्या हाताला आपला चेहरा पाठ असतो. म्हणून बाबूजींवर चालवायच्या आधी एका रविवारी रेझर खिशात टाकून गावाकडे काकांना भेटायला गेलो. काका ओसरीवर बसले होते. रेझर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हात धरला, टोपी उघडली, आतलं अर्धं ब्लेड पाहिलं आणि जोरात हसले.

"हे तं आमचाच वस्तरा हाय जी! निस्ती मूठ बदलवली."

खरंच की. अमेरिकेतल्या हुशार लोकांनी जे आधुनिक म्हणून काढलं, ते आमच्या जिल्ह्यातला प्रत्येक सलूनवाला तीस वर्षं करतोय. फरक एवढाच की सलूनच्या मुठीत धार उघडी असते, तिला ताब्यात ठेवायला वर्षानुवर्षांचा हात लागतो. इथे धारेच्या पुढे एक छोटी पट्टी आहे, जी कातडीला आधी दाबून सपाट करते. काकांचा हात नसलेल्या माणसासाठी काकांचा वस्तरा.

मग काकांनी मला तास घेतला. त्यांच्याच गालावर. नव्या डोळ्यांनी माझ्याकडे रोखून बघत.

"जोर नोका देऊ. लोखंडाचं वजनच पुरते."

"उजव्या हाताकडे नोका पाहू. दाढी डाव्या हातानं होते जी. डाव्या हातानं कातडी तानून धरा, उजवा तं निस्ता फिरते."

"गुरुजीची हनुवटी हालंल तवा आपुन थांबा. थांबाले लाजू नोका."

निघताना मी पैसे विचारायच्या आधीच त्यांनी हात हलवला. "गुरुजीनं माह्या पोराकडून फी घेतली व्हती का?"

सोमवारी सकाळी बाबूजींना खिडकीशी खुर्चीत बसवलं. वेळ ठरवून घेतली होती. सकाळची गोळी घेतल्यावर तासाभराने त्यांचा हात आणि जबडा त्यातल्या त्यात शांत असतो, तीच वेळ. मानेमागे उशी. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल चार मिनिटं. ब्रश फिरवताना बाबूजींनी डोळे मिटले. मी डाव्या हाताची बोटं त्यांच्या कानशिलावर ठेवली, कातडी वर ओढून धरली... आणि क्षणभर थांबलो.

कारण लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांच्या चेहऱ्याला हात लावतोय.

पायांना लावला आहे, हजार वेळा. दसऱ्याला, दिवाळीला, परीक्षेला जाताना, लग्नात. आमच्या पिढीतल्या मुलांचा वडिलांशी संबंध पायापासून सुरू होऊन पायाशीच संपतो. गाल कसा लागतो, हनुवटीखाली खळगा कुठे आहे, मानेवर केस उलट्या दिशेने वाढलेत, हे मला माहीतच नव्हतं. काकांना माहीत होतं. त्यांच्या वडिलांना आजोबांचं माहीत होतं. पिढ्यान् पिढ्या घरातल्या पुरुषांचा चेहरा ज्यांना बोटांनी पाठ होता, त्यांना आपण वर्षाचं धान देत आलो आणि पंगतीत मात्र वेगळं बसवत आलो. हा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा ते कळत नाही.

असो. खर्र... खर्र... उजवा गाल झाला. हनुवटी हलली, थांबलो. परत चालवला. गळ्यापाशी माझाच श्वास अडकला होता. अर्धा तास लागला. केसाच्या दिशेने एकदाच, उलट्या दिशेने मुळीच नाही. गुळगुळीतपणाच्या मागे लागलं की रक्त येतं, हेही काकांनीच बजावलेलं. तुरटी फिरवली. कुठे चुरचुरलं का विचारलं, त्यांनी मान हलवली. नाही.

मग त्यांनी हात उलटा केला, थरथरत्या बोटांच्या मागच्या बाजूने दोन्ही गाल, हनुवटी, गळा सगळं सावकाश तपासलं आणि म्हणाले, "चार."

"काय चार?"

"दहापैकी."

नापास! पण दाढी झाल्यावर त्यांनी आईला खादीचा सदरा मागितला आणि गॅलरीत जाऊन बसले. गेले चार-पाच महिने गॅलरीत बसायचे नाहीत. खालून जाणारे जुने विद्यार्थी हात जोडतात, "गुरुजी, नमस्कार" म्हणतात आणि वाढलेल्या दाढीने तो नमस्कार घ्यायचा नाही हे त्यांचं ठरलेलं. मागच्या शिक्षक दिनाला तिघं-चौघं भेटायला आले होते, तर झोपलोय म्हणून सांगा म्हणाले. आजार काही या रेझरने बरा होणार नाही, कंप आहे तिथेच आहे आणि वाढणारही आहे. पण गॅलरीतली खुर्ची परत मिळाली. त्या खुर्चीची किंमत आमच्या घरात सध्या फार आहे.

आता व्यवहाराचं. अर्ध्या ब्लेडवर बाबूजींच्या दोन दाढ्या चांगल्या होतात. म्हणजे आठवड्याला एक अर्धं, पाच ब्लेडचं पाकीट अडीच महिने पुरतं. रेझर परदेशी असला तरी ब्लेड आपल्या कोपऱ्यावरचं. वापरलेले तुकडे एका रिकाम्या डब्यात, झाकणाला फट पाडून. कचरा गोळा करणाऱ्या बाईंचा हात कापू नये म्हणून. डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून वर 'ब्लेड' असं मोठ्या अक्षरात लिहून द्यायचा. ब्लेड मोडताना ते कागदातच असू द्या, कात्रीने कापायला जाऊ नका, तुकडा उडतो. हा विशिष्ट रेझर नसला तरी चालेल. मुद्दा एवढाच की एक धार, लहान डोकं आणि धारेपुढे पट्टी. माझी स्वतःची दाढी मी परत जुन्या दोन धारांच्या रेझरने करतो, तो माझ्या हाताला जास्त जवळचा. हा नवा फक्त बाबूजींचा.

आणि एक मनापासून सांगणं. आपल्या घरात म्हाताऱ्यांना गोळ्या कोण देणार, दवाखान्यात कोण नेणार, हे ठरलेलं असतं. दाढी कोण करणार, नखं कोण कापणार, हे कुणी ठरवत नाही. ते काम आपोआप आईवर किंवा सुनेवर पडतं, नाहीतर राहूनच जातं. हात धड आहेत तोवर घरातल्या एखाद्या मुलाने हे शिकून ठेवावं. जवळपास एखादे काका असतील तर त्यांच्याकडून शिकावं, त्यांचे डोळे धड आहेत तोवर. माझा मुलगा सध्या फुग्यावर साबण लावून सराव करतोय. आतापर्यंत अकरा फुगे फुटले. बाबूजी खुर्चीतून मोजतात.

आमच्या दाढीला आता तीन महिने होत आले. गुण वाढत वाढत सहापर्यंत गेले आणि तिथे बरेच दिवस अडकले. काल सात मिळाले. मिशीच्या डाव्या कोपऱ्यात एक केस राहिला होता, त्याचे तीन कापले. एका केसाला तीन गुण म्हणजे जरा जास्तच, असं मी म्हणालो तर म्हणाले, "शुद्धलेखनात असंच असतं."